तीनदा विचारायचा प्रश्न

पुचांगसारीत कुणी मेलं की आधी कास्मुरीचा आवाज ऐकू येई आणि मग रडारड. मशिदीचा भोंगा त्याच्याच हाती होता. कुणाची शेळी हरवली, पोरांना डोस पाजायला बाई आली, पाटाचं पाणी दोन दिवस बंद राहणार, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळे. त्याच्या आवाजात चढउतार नव्हता. शेळी हरवल्याचं आणि माणूस गेल्याचं तो एकाच सुरात सांगे. त्यामुळे भोंगा खरखरला की बायका हातातलं काम थांबवून कान द्यायच्या आणि शेळी निघाली की पुन्हा कांदा चिरायला लागायच्या.

कास्मुरी गावचा मोदिन होता. मयताला न्हाऊ घालणं, कफन, नमाज, कबरीची दिशा, शिवाय लग्नं आणि बारशी. जावाच्या पूर्व भागात प्रत्येक गावाला असा एक माणूस लागतोच. बापही मोदिनच होता. पगार म्हणून पूर्वापार वहिवाटीचा भाताचा एक तुकडा. संध्याकाळी मशिदीच्या ओसरीवर तो पोरांना अलिफ-बे शिकवी. साठीला टेकलेला, हडकुळा, लवंगेची सिगारेट ओढणारा माणूस. ती सिगारेट ओढून ओढून ओठ बधिर होतात. त्याचे कायमचेच झाले होते, असं त्याची बायको मुजिआती म्हणे.

त्याच्या कामातलं एक काम मात्र फक्त तोंडाचं होतं. नमाज झाली की जनाजा उचलायच्या आधी तो अंगणात उभा राही आणि तीन गोष्टी बोले. मयताचं काही चुकलं असेल तर माफ करा. त्याचं कुणाशी देणंघेणं राहिलं असेल तर घरच्यांना सांगा. आणि तिसरा तो प्रश्न. ‘लोकहो, हा माणूस चांगला होता की वाईट?’

अंगणातून एका आवाजात उत्तर येई, ‘साए!’

साए म्हणजे चांगला. तोही थोरामोठ्यांशी बोलताना वापरायचा, अदबीच्या बोलीतला चांगला. प्रश्न तीनदा विचारायचा, उत्तर तीनदा द्यायचं. चाळीस शेजाऱ्यांनी चांगला म्हटलं की वरच्या दारात फार चौकशी होत नाही, अशी समजूत. कोंबड्या चोरणाऱ्यालाही गावाने साए म्हटलं होतं, बायकोला मारणाऱ्यालाही. ‘वाईट’ असं उत्तर कास्मुरीच्या बापानेही कधी ऐकलं नव्हतं. खारवलेली अंडी विकणारा पायमिन तर एकदा जनाज्यात मागे उभा राहून फोनवर भाव ठरवत होता. मध्येच ओरडला, ‘साए!’ आणि मग फोनमध्ये म्हणाला, ‘तुम्हाला नाही हो, मयताला. तुमचा भाव वाईटच आहे.’ माना खाली घालून लोक हसले होते.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं होतं, की त्या अंगणात एकदा एक तोंड बंद राहिलं हे कास्मुरीशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तोंड फत्कुरचं होतं, आणि जनाजा त्याच्या सख्ख्या बापाचा. फत्कुर म्हणजे टेंपे, सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या, विकणाऱ्या बू वार्नीचा एकुलता एक मुलगा. आमच्याकडे मानाने बाईला बू म्हणतात, पुरुषाला पाक. कास्मुरीच्या ओसरीवर अलिफ शिकला, शहरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला, तिथेच लग्न केलं. पुढे घरी येणं कमी झालं. आला तरी नवसाच्या जेवणाचा भात खाईना. हे धर्मात नाही म्हणे. बापाच्या वेळी सगळं गाव साए म्हणत असताना तो ओठ मिटून उभा होता. दफनानंतर कास्मुरीला बाजूला घेऊन तो शांतपणे म्हणाला, ‘पाक मोदिन, हा प्रश्न कुठल्या किताबात आहे? नंतर लोकांनी घुसडलेलं आहे हे. असं करणारा भरकटलेला असतो. आणि भरकटलेल्यांचं काय करायचं तेही लिहिलेलं आहे.’

‘काय करायचं?’ कास्मुरीने विचारलं.

फत्कुर नुसता हसला. मग वाकून त्याने कास्मुरीचा हात हातात घेतला आणि कपाळाला लावला. लहानपणापासून लावत आला होता तसाच.

कास्मुरी हे कुणाला बोलला नाही. बाप गेलेला पोरगा, सुतकातलं बोलणं. आमच्याकडे माणूस घासातला काटा गिळेल, पण पंगतीत थुंकणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, फत्कुरने शहरातल्या एका चर्चच्या फाटकाशी मोटारसायकल नेली आणि स्वतःसकट उडवून दिली. तीन माणसं गेली. प्रार्थनेला आलेले एक निवृत्त मास्तर, फाटकाशी वाफेचे केक विकणारी एक बाई, आणि गाड्या लावून देणारा जुमाकिर. हा जुमाकिर नदीपलीकडच्या गावचा. पहाटेची नमाज पढून कामावर आलेला.

पुचांगसारीला ते दुपारी कळलं. पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा बू वार्नी केळीच्या पानात टेंपे बांधत होती. सोयाबीन फुगून आंबायला लागलं की थांबून चालत नाही, त्यामुळे पोलीस कपाट उपसत होते तोवर ती बांधतच राहिली. शेवटी एका शिपायाने तिच्या हातातलं पान काढून घेतलं.

पाच दिवसांनी प्रेत मिळणार म्हणून कळलं आणि गाव दोन ठिकाणी फाटलं. वीटभट्टीवाला हाजी बिस्री म्हणाला, ‘आमच्या कब्रस्तानात नको. माझा बाप तिथे आहे. त्याच्या शेजारी हा?’ वस्तीचा प्रमुख वरसितो मध्यम वयाचा, कुणालाच न दुखावणारा माणूस. तो म्हणाला, ‘पाक हाजी, मग कुठे टाकायचा? नदीत?’

‘टाका.’

‘नदी पुढे दुसऱ्यांच्या गावाला जाते, पाक हाजी,’ पायमिन म्हणाला.

शेवटी ठरलं, की कोपऱ्यात, बांबूच्या बेटाजवळ पुरायचा. दहा-वीस माणसं, पटकन. वरसितो कास्मुरीच्या घरी येऊन बसला. ‘पाक मोदिन, नमाज पढा. तेवढी प्रत्येकाची असते. पण पुढचं भाषण नको. माफी नको, देणंघेणं नको, आणि तो प्रश्न तर नकोच नको.’

‘नाही विचारणार,’ कास्मुरी म्हणाला.

‘नक्की?’

‘विचारून कोण उत्तर देणार आहे?’

पेटी खिळे ठोकून आली. न्हाऊ घालण्याचं काम उरलंच नव्हतं. कास्मुरीच्या हातांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मयताच्या दिवशी रिकामं राहावं लागलं. वार्नीच्या अंगणात, दोन वर्षांपूर्वी बापाचा जनाजा ठेवला होता त्याच जागी पेटी ठेवली. दाराशी बायकांत बू वार्नी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती. कास्मुरीने नमाज पढवली. सलाम फेरला. माफीचं बोलला नाही. देण्याघेण्याचं बोलला नाही. ठरल्याप्रमाणे त्याने ते दोन्ही गिळलं, जनाज्याकडे तोंड केलं, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, त्याच शेळी हरवल्याच्या सुरात:

‘लोकहो, हा माणूस चांगला होता की वाईट?’

‘साए!’ अंगण म्हणालं.

सगळं अंगण. वरसितो म्हणाला, पायमिन म्हणाला, कुंपणाबाहेर पाठ फिरवून उभा राहिलेला हाजी बिस्री म्हणाला. तोंडातून शब्द गेल्यावर मग माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका बाईने तोंडावर पदर धरला. दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं. कास्मुरीने हाताने खूण केली आणि पेटी उचलली गेली.

रस्त्यावरच्या घोळक्यातून कुणीतरी फोनवर हे टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा देश ते बघत होता. गाव खुन्याला चांगला म्हणतं. पेटी, कास्मुरीची पाठ, आणि ते एकमुखी, खणखणीत, अदबीचं उत्तर.

पुढचा आठवडा कास्मुरीला नीट आठवत नाही. म्हणजे घडलेलं सगळं आठवतं, पण त्यात आपण होतो असं वाटत नाही. मुजिआतीने भात वाढला की तो खाई. मीठ घालायला ती विसरली होती, हे त्याला तिनेच सांगितलं. शहरातून वार्ताहर आले, तालुक्याहून एक साहेब आले. साहेबांनी येताना कापडी फलक आणला होता: ‘दहशतीला धर्म नसतो’. मशिदीसमोर तो धरून सगळ्यांचा मुठी वळलेला फोटो काढला. पायमिनला उजवं टोक धरायला मिळालं. फोटोत सगळ्यांच्या मुठी वर होत्या; त्याची एकट्याची खाली, कारण फलक घसरत होता.

त्या संध्याकाळी चहा-कॉफीच्या टपरीवर पायमिनचा तोल सुटला.

‘बॉम्ब फोडला त्याने, आणि मूठ आवळायची मी? मी काय खारवतो? अंडी. बदकाची. आजवर माझ्या अंड्याने कुणाचं पोट फार तर बिघडलं असेल.’

‘तुला कोण काय म्हणतंय?’ वरसितो म्हणाला.

‘सगळे म्हणताहेत. बाजारात बाई विचारते, तुम्ही त्याच गावचे का हो, तुम्ही लोक निषेध का नाही करत? तिचा दीर पतपेढीचे पैसे खाऊन पळाला. मी कधी म्हटलं, बाई, आधी निषेध कर, मग अंडी घे?’

हाजी बिस्री कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, ‘शेजारच्या घरात साप निघाला तर बोलायचं नाही का?’

‘बोलायचं की. पण मला कुणी साप निघाला का म्हणून विचारतच नाही, पाक हाजी. विचारतात, तू साप आहेस का.’

‘नाही,’ बिस्री म्हणाला. ‘ते विचारतात, तुला तो दिसला होता का.’

कास्मुरीने कॉफी ढवळली. साखर केव्हाच विरघळलेली होती.

‘आणि दिसला असेल,’ बिस्री पुढे म्हणाला, ‘तर दिसला म्हणायला आधी धर्म बघायचा नसतो. गप्प बसलं की लोक आपल्याला त्याच्या बिळात मोजतात. बरोबरच करतात.’

‘आणि बोललं की म्हणतात, मनातून नाही बोलला,’ पायमिन म्हणाला. ‘जा, आता बोला. बोललात ना तुम्हीपण त्या दिवशी? कुंपणाबाहेरून? साए.’

बिस्री उठला आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेला.

साहेबांनी शुक्रवारी भोंग्यावरून वाचायला एक निवेदन दिलं होतं. वरसितो ते घेऊन आला. त्यात लिहिलं होतं, की प्रसारित झालेलं चित्रण दुसऱ्याच कुठल्यातरी मयताचं आहे, आणि मृत इसमाचा आमच्या गावाशी कसलाही संबंध नाही.

‘संबंध नाही?’ कास्मुरी म्हणाला.

‘कागदावर नाही. त्याचं नाव शहरातच लागलेलं होतं.’

‘मी त्याला अलिफ शिकवला, वरसितो.’

‘म्हणून तर तुम्हीच वाचायचं. एवढं वाचलं की गाव सुटलं. पोरांना कारखान्यात घेत नाहीयेत आपल्या, माहीत आहे ना? गावाचं नाव ऐकलं की परत पाठवतात.’ जाताना तो हळूच म्हणाला, ‘हे नको असेल तर निदान तो शब्द परत घ्या. काहीतरी घ्या.’

मयताला दिलेली साक्ष परत घेता येते का, हे कास्मुरीला ठाऊक नव्हतं. बापाने हे शिकवलं नव्हतं. पलीकडच्या मदरशातल्या म्हाताऱ्या गुरूंना त्याने विचारलं. ते म्हणाले, ‘दिलीच होती का, ते आधी बघ.’

गुरुवारी दुपारी एक बाई आली. ओळखीची नव्हती. ओसरीवर बसली. मुजिआतीने चहा ठेवला, त्याला तिने हात लावला नाही. म्हणाली, ‘मी जुमाकिरची बायको. लास्मी.’

कास्मुरी उठून उभा राहिला.

‘बसा, पाक मोदिन. भांडायला नाही आले. आमच्या मोदिनने पण विचारलं होतं. आम्ही पण म्हटलं साए. तीनदा. मला एवढंच विचारायचंय, तुमचा शब्द आणि आमचा शब्द एकच का वेगळा?’

‘एकच.’

‘मग दोघांना पुरणार नाही तो.’

कास्मुरीला काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, ‘तोंडातून गेलं, बू. ठरवलं नव्हतं. सवयीने गेलं.’

‘सवयीने,’ ती म्हणाली. बाजारात भाव ऐकून खात्री करून घ्यावी तसं म्हणाली. ‘माझा नवरा सवयीने झोपेतसुद्धा शिट्टी वाजवायचा. या, या, अजून मागे, बस. घरात कोंबडी शिरली तरी तिला वाट करून द्यायचा.’ मग म्हणाली, ‘त्याला पण वाट दिली असणार. मोटारसायकल आली की त्याचा हात आपोआप वर जायचा. इकडे लावा म्हणून.’

मुजिआती दारात उभी होती, ती आत गेली.

लास्मी उठली. पायरीवर चप्पल घालताना म्हणाली, ‘तुम्ही लोक वाईट नाही, मला माहीत आहे. माझी मावशी तुमच्याच गावात दिलेली होती. पण कुणी आलं नाही हो तुमच्यातलं. नदी ओलांडून. एक जण नाही.’

ती गेल्यावर चहा थंड होऊन त्यावर साय धरली होती. कास्मुरीने तो पिऊन टाकला.

संध्याकाळी बू वार्नी स्वतःच आली. मागच्या दाराने, हातात नेहमीसारखं टेंपेचं पुडकं. तिच्याकडून आता गावात कुणी घेत नव्हतं. बिस्रीने तर भट्टीवरच्या मजुरांनाही बजावून ठेवलं होतं. ती चुलीपाशी उकिडवी बसली.

‘परत घेणार म्हणतात.’

कास्मुरीने चुलीत लाकूड सारलं.

‘एकदाच विचारलंत तुम्ही. तीनदा नाही. मी मोजत होते. तेवढं एकदाचं राहू द्या, पाक मोदिन.’

‘तो स्वतः मानत नव्हता ते. बापाच्या जनाज्याला साए म्हणाला नाही.’

‘मला माहीत आहे. मी शेजारीच उभी होते.’ ती म्हणाली, ‘तो नव्हता मानत. मी मानते.’

‘तीन माणसं गेली, वार्नी.’

‘मग मी काय म्हणाले, नाही गेली?’ तिचा आवाज चढला नाही. ‘त्याचं काय व्हायचं ते वर होईल. मला ठाऊक आहे काय होईल ते. दुसरं काहीच नाही त्याच्याकडे. तुमचा एक शब्द आहे, तोही चुकून मिळालेला. तेवढा काढून घेऊन तुम्ही कुठे ठेवणार?’

पुडकं चुलीशी ठेवून ती मागच्या दाराने गेली. मुजिआतीने टेंपे तळलं. दोघांनी खाल्लं.

शुक्रवारची नमाज झाल्यावर वरसितोने कागद हातात दिला. मशिदीत दाटी होती, बाहेर दोन वार्ताहर होते, साहेब पुढच्या रांगेत. कास्मुरीने भोंगा सुरू केला. तो नेहमीप्रमाणे खरखरला आणि गावातल्या घराघरांत हात थांबले. केळीच्या पानावरचे हातही थांबले असतील.

त्याने कागद उघडला नाही. तोंडातून निघालं ते मृत्यूची बातमी सांगतानाचं पहिलं वाक्य: आपण सगळे अल्लाचे, आणि त्याच्याकडेच परत जायचं आहे. लोक चमकले. आता कोण मेलं?

‘गेलेल्यांची नावं,’ कास्मुरी म्हणाला. ‘जुमाकिर, नदीपलीकडचे. येफ्रायिम मास्तर, शहरातले. कार्ताती बाई, केकवाल्या. बारा दिवसांपूर्वी गेले. हे तेव्हाच इथून सांगायला हवं होतं. आपल्या गावचे नाहीत म्हणून सांगितलं नाही. मारणारा आपल्या गावचा होता.’

साहेबांनी वरसितोकडे बघितलं.

‘फत्कुर इथला. या ओसरीवर शिकला. मी शिकवला. त्याने केलं ते वाईट. बापाच्या मयतीला मला तो काहीतरी बोलला होता. मला ते कळलं होतं. मी गप्प बसलो.’ भोंग्यातून त्याचा श्वास ऐकू आला. ‘त्याच्या जनाज्याला आपण साए म्हणालो. चित्रण खरं आहे. न बघता म्हणालो. माझी साक्ष मी परत घेतो. ती माझ्यापुरती. तुमची तुमच्यापाशी. तुम्ही काय म्हणाला होतात ते तुम्ही बघा.’

मग त्याला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. अशा वेळी शेवटी जे म्हणायची सवय होती तेच तो म्हणाला, ‘ज्यांनी ऐकलं त्यांनी न ऐकलेल्यांना सांगावं,’ आणि भोंगा बंद केला.

काही मोठं घडलं नाही. साहेब न जेवता गेले. एका वर्तमानपत्राने त्याला शूर म्हटलं, आणि वार्ताहराने कसं वाटतंय विचारलं तेव्हा कास्मुरी म्हणाला, ‘काही नाही वाटत.’ ते त्यांनी छापलं नाही. एका रात्री कौलावर दगड पडले. कुणी टाकले कळलं नाही. फोनवर अनोळखी माणसं त्याला ढोंगी म्हणाली, काही काफिरांचा चाकर म्हणाली. गावात आणखी कुणी आपला शब्द परत घेतला नाही, पण बऱ्याच जणांना आठवलं, की आपण त्या दिवशी नुसते ओठ हलवले होते. ‘मग एवढा आवाज कुणाचा आला?’ पायमिन म्हणाला. ‘पेटीतून?’

कास्मुरी पायमिनला घेऊन नदीपलीकडे जाऊन आला. लास्मीने पाणी दिलं. बोलण्यासारखं फार नव्हतं. पायमिनने अंडी ठेवली. तिने ती ठेवून घेतली.

बू वार्नीने मात्र कास्मुरीच्या घरी टेंपे टाकणं बंद केलं. रस्त्यात दिसली तर ती मान खाली घाली, तो बाजूला होई. मुजिआती बाजारातून आणू लागली. त्याला चव नव्हती, पण त्या दिवसांत कशालाच नव्हती. मधल्या काळात गावात कुणी मेलं नाही. त्यामुळे तो प्रश्न कुणाला ऐकावा लागला नाही आणि त्याला विचारावा लागला नाही.

कापणीच्या सुमारास हाजी बिस्री भट्टीवरच छातीत कळ येऊन गेला. कास्मुरीने त्याला न्हाऊ घातलं. नखांतली विटेची लाल माती शेवटपर्यंत निघाली नाही. अंगण माणसांनी भरून गेलं. भट्टीचे मजूर, नातेवाईक, शहरातले व्यापारी. बायका पडवीत. त्यांच्यात एका खांबाला टेकून बू वार्नी.

नमाज झाली. कास्मुरी माफीचं बोलला. देण्याघेण्याचं बोलला. मग त्याने अंगणाकडे पाहिलं. इतकी वर्षं विचारलेला प्रश्न त्याला आता शब्द शब्द जुळवून म्हणावा लागला.

‘लोकहो, हा माणूस चांगला होता की वाईट?’

कुणीच बोललं नाही.

असं आधी कधी झालं नव्हतं. लोक त्याच्याकडे बघत होते, मग जनाज्याकडे, मग जमिनीकडे. भट्टीचे मजूर आपसांत नजर चुकवत होते. मजुरी, ओव्हरटाइम, शिव्या, ईदला दिलेलं कापड, सगळं त्यांच्या चेहऱ्यांवरून जाताना दिसत होतं. पायमिन ओठ चावत होता. बिस्रीचा मोठा मुलगा कास्मुरीकडे असं बघत होता, की हे तू केलंस. कास्मुरी वाट बघत उभा राहिला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

‘साए.’

पडवीतून आलं. एकटंच, बाईचं. टेंपेचा भाव सांगावा तितक्या सपाट आवाजात. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बू वार्नी खांबापासून थोडी पुढे आली होती. ती जनाज्याकडे बघत नव्हती. ती कास्मुरीकडे बघत होती.

तो बघत राहिला. मग त्याने दुसऱ्यांदा विचारलं. या वेळी दहा-बारा आवाज आले, मागेपुढे, एकमेकांत न मिसळणारे. तिसऱ्या वेळी आणखी काही. काही जण शेवटपर्यंत गप्प राहिले, आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

कास्मुरीने खूण केली. जनाजा उचलला गेला. फाटकाशी पायमिनचा फोन वाजायला लागला. तो तसाच वाजू देत खांदा लावून चालत राहिला.